मुक्कामाचा दिवस

'कारवाँ' हा शब्द तुम्हांला परका नाही. मूळचा हा फारसी शब्द युरोपात गेला, तेथे 'कॅरॅव्हॅन' झाला आणि त्याचेच छोटे रूप 'व्हॅन' हे तयार झाले. म्हणजे 'कॅम्परव्हॅन' या आजच्या वाहनाच्या नावात जुना काफिला दडलेला आहे! कॅम्परव्हॅन हे चाकांवरचे लहानसे घरच असते. तीत बिछाना, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असते.

ऑस्ट्रेलियात अशा गाड्यांतून लोक हजारो किलोमीटर फिरतात. या देशाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून नलारबोर नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ 'एकही झाड नाही' असा आहे. या मैदानावरून जाणारा सेडुना ते नॉर्समन हा रस्ता सुमारे 1200 किलोमीटर लांब आहे. त्यात एका ठिकाणी तो तब्बल 146 किलोमीटर एकही वळण न घेता सरळ जातो. घाटात गाडी चालवणे अवघड; सरळ रस्त्यावर कसली भीती, असे तुम्हांला वाटेल. पण घाटातील वळणे चालकाला जागे ठेवतात. सरळ रस्ता त्याला झोपवतो.

थकलेल्या माणसाला कधी कधी उघड्या डोळ्यांनीही डुलकी लागते. ती काही सेकंदच टिकते. पण ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे 111 मीटर पुढे गेलेली असते, आणि तेवढा वेळ तिला चालकच नसतो! चहाने थोडी तरतरी येते, पण ती फार वेळ टिकत नाही. रोज अपुरी राहिलेली झोप कर्जासारखी साठत जाते. हे कर्ज झोपूनच फेडावे लागते.

मोटार चालवून पोट भरणाऱ्यांसाठी याबाबत नियम असतात. आपल्या देशात 1961 च्या कायद्याने त्यांना आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा हक्क दिला. हौशी प्रवाशाला मात्र 'आता थांब' असे सांगणारा कोणी नसतो. शिवाय घर बरोबरच असल्यामुळे 'आणखी थोडे पुढे जाऊ' असा मोह होतो. म्हणून निघण्यापूर्वीच मुक्कामाचे दिवस ठरवून ठेवणे शहाणपणाचे असते.

या दिवशी नुसते लोळत पडले तरी चालते. पण गाडीचीही थोडी कामे असतात. टायरमधील हवा सकाळीच तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरात ती जास्त दिसते. सांडपाणी ठरलेल्या जागीच ओतावे आणि टाकीत ताजे पाणी भरावे. बॅटरीकडेही लक्ष हवे. ती बहुधा इंजिन चालू असताना भरते. गाडी उभी राहिली की दिवे आणि पंखा तिला रिकामी करू लागतात. म्हणून पुष्कळ गाड्यांच्या छतावर सौर पट्ट्या बसवलेल्या असतात.

नलारबोरच्या वाटेवर थांबणाऱ्याला पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. युक्ला येथे 1877 साली सुरू झालेल्या तारघराच्या दगडी भिंती वाळूत उभ्या आहेत. हेड ऑफ बाइट येथे उंच कडा थेट समुद्रावर आहे. आपल्याकडे पावसाळा असतो, तेव्हा तेथे हिवाळा असतो. त्या दिवसांत मोठमोठे देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी किनाऱ्याजवळ येतात. कड्यावर शांत बसले, तर आईच्या शेजारून पोहणारे पिलू नुसत्या डोळ्यांनी दिसते.