सीमाभागाच्या ओठांवरचे शाहीर : अण्णाभाऊ साठे

जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव (सांगली). शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर मुंबई गाठली ती पायी.

फड : 'लाल बावटा कलापथक', १९४४. सोबत शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. डफ, तुणतुणे आणि ताजी राजकीय घडामोड यांवर रात्र रंगायची. आजच्या मराठी रॅपची नाळ इथेच शोधावी लागते.

कायद्याची गाठ : तत्कालीन मुंबई सरकारने पथकाच्या तमाशांवर बंदी घातली. तोच खेळ मग 'लोकनाट्य' या नावाने उभा राहिला.

'माझी मैना' : मराठी भाषकांच्या एका राज्यासाठीच्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीतली छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटाचे गीत. गडी पोटासाठी मुंबईला निघतो, बायको गावी राहते. हा विरह पुढे बेळगाव, कारवार, निपाणीच्या ताटातुटीला जाऊन भिडतो. म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ती घरची वाटते.

सीमा : १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरलाच असा निवाडा सुचवला. तो अमलात आला नाही.

कमाई : 'फकिरा' या कादंबरीला १९६१ चा राज्य पुरस्कार. मुक्काम मात्र कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. निधन १८ जुलै १९६९.

अलीकडे : कायद्याची ही गाठ रॅपलाही पडली. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय रॅप गाण्यांवरून राज मुंगासे आणि उमेश खाडे या रॅपरांवर महाराष्ट्रात गुन्हे नोंदले गेले.