वाफेची कुळकथा (६) : लोण्याचा वास

शेजाऱ्यानं सोडलेली ई-सिगारेटची, म्हणजे वेपची, वाफ आपल्या नाकात किती जाते, याचा हिशेब या आठवड्यात व्हायचा होता. तो लांबला, कारण ठाण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र. कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा म्हणतो, ‘आई, वेपमधला फ्लेवर खाण्यातलाच असतो. आइस्क्रीममध्ये चालतो, मग यात का नको?’ बाईंनी मात्र ‘पॉपकॉर्न लंग’बद्दल वाचलंय आणि त्यांची झोप उडाली आहे. माय-लेकाच्या वादाचा निवाडा अमेरिकेतल्या एका गावात झालेला आहे.

मिसुरी राज्यातलं जॅस्पर. तिथं मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. २००० सालच्या मे महिन्यात एका डॉक्टरनं राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं, की इथं काम करून गेलेल्या आठ जणांना ‘ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स’ झालाय. आजार इतका विरळा, की एकाच कारखान्यातले आठ रुग्ण म्हणजे योगायोग म्हणायची सोयच नव्हती. ‘पॉपकॉर्न लंग’ तो हाच. यात फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिकांचं अस्तर जळतं, जखम भरताना व्रण वाढतो आणि नळी आतून बुजते. बुजलेली नळी औषधानं पुन्हा मोकळी होत नाही.

‘नायॉश’ या केंद्रीय संस्थेचे तपासनीस आले. कारखान्यात सोयाबीनचं तेल मोठ्या टाकीत गरम करायचे, त्यात मीठ आणि लोण्याचा फ्लेवर घालायचे. झाकण उघडून फ्लेवर ओतणाऱ्यांच्या तोंडावर सगळा वाफारा यायचा. त्याहून चक्रावणारी गोष्ट माल तपासणाऱ्या खोलीत सापडली. तिथले लोक टाकीजवळ फिरकतही नसत. दिवसभर मायक्रोवेव्हमध्ये पाकिटं फुलवून बघायची, एवढंच काम. त्या सहा जणांपैकी पाच जणांचा श्वासमार्ग अरुंद झालेला निघाला.

संशय फ्लेवरमधल्या डायअसिटिल या रसायनावर गेला आणि पुढे उंदरांवरच्या प्रयोगांनी तो पक्का केला. गंमत म्हणजे हा पदार्थ परका नाही. विरजणातले जिवाणू तो तयार करतात; लोण्याचा तो खास वास त्याचाच. पोटात गेला तर बिनघोर.

इथंच चिरंजीवांची गफलत होते. तिखट चवीनं खाणारा माणूसही मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला की स्वयंपाकघरातून पळ काढतो. अन्नाला जठर आहे, यकृत आहे. श्वासाबरोबर आलेल्या रसायनाची गाठ थेट नाजूक अस्तराशी पडते. फ्लेवर बनवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेनंही स्पष्ट केलंय, की त्यांची सुरक्षिततेची तपासणी खाण्यापुरती आहे, ओढण्यासाठी नाही.

आता बाईंची भीती. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले, त्यातल्या ३९मध्ये डायअसिटिल निघालं. ब्रिटननं वेपच्या द्रवात ते घालायला २०१६ सालीच मनाई केली. पण सिगारेटच्या धुरात डायअसिटिल याहून कितीतरी जास्त असतं, आणि तरीही ‘पॉपकॉर्न लंग’ हा काही सिगारेटवाल्यांचा नेहमीचा आजार नाही. २०१९ साली कॅनडातल्या एका १७ वर्षांच्या मुलाला वेपनंतर त्याच्याशी मिळताजुळता आजार झाला, ४७ दिवस इस्पितळात काढावे लागले. नेमकं कारण सिद्ध झालं नाही. तेव्हा फक्त या एका आजाराच्या धास्तीनं झोप उडवून घेऊ नये.

धास्ती घ्यायचीच तर दुसऱ्या एका निरुपद्रवी पदार्थाची घ्यावी. ई जीवनसत्त्वाचं असिटेट चेहऱ्याच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांमध्येही असतं. अमेरिकेत गांजाच्या अर्काच्या वेपमध्ये भेसळ म्हणून ते मिसळलं गेलं. फेब्रुवारी २०२०पर्यंत फुप्फुसाच्या इजेचे २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ दगावले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्राव तपासला, तर ४८ जणांत हेच असिटेट. यातला बराच माल ओळखीपाळखीतून, चोरून घेतलेला होता.

आपल्याकडे २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेट विकणं, साठवणं, आणणं सगळंच बंद आहे. म्हणजे ठाण्यात किंवा पुण्यात हातोहात मिळणारं प्रत्येक वेप चोरटंच, आणि त्यातला द्रव कुणी तपासलेला नाही. आइस्क्रीमच्या डब्यावर निदान परवाना क्रमांक तरी असतो, हे बाईंनी मुलाला जरूर सांगावं. शेजाऱ्याची वाफ पुढच्या आठवड्यात, मध्येच आणखी पत्र आलं नाही तर.