चारही चाकांवर चालणाऱ्या वाहनांची ब्रेक चाचणी : स्वरूप आणि मर्यादा

प्रास्ताविक : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र अनिवार्य आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. खाजगी जीपची अशी तपासणी मात्र १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. पनवेलच्या (एमएच ४६) वाहनधारकांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि बोरघाटाचा उतार नित्याचा असल्याने ब्रेकची तपासणी येथे केवळ कागदोपत्री बाब मानता येत नाही. प्रस्तुत लेखात चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या, म्हणजेच बोलीतील 'फोर बाय फोर' वाहनांपुरते विवेचन केले आहे.

अडचणीचे स्वरूप : रोलर ब्रेक टेस्टरवर एका वेळी एकाच अक्षाची चाके ठेवली जातात. मोटार रोलर संथ गतीने फिरविते, ब्रेक दाबल्यावर चाक जो विरोध करते तो प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे मोजला जातो. डाव्या-उजव्या चाकांतील तफावत यामुळेच उघड होते, आणि वाहन एका बाजूस ओढले जाण्याचे मूळ बहुधा या तफावतीत असते.

महिंद्रने १९४७ पासून जुळणी केलेल्या विलीज जीपपासून आजच्या थारपर्यंत अनेक वाहनांत पुढील चाकांची जोडणी तरफेने वा बटणाने सोडविता येते. ती सोडवून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला की चाचणी नेहमीप्रमाणे होते. जोडणी तशीच राहिली, अथवा वाहन कायमस्वरूपी चारही चाकांवर चालणारे असले, की पेच उद्भवतो. पुढील चाके फिरताच प्रोपेलर शाफ्टमार्फत मागील चाकांनाही फिरण्याची ओढ लागते. ती जमिनीवर स्थिर असल्याने वाहन रोलरवरून बाहेर उडी घेऊ शकते, किंवा मधल्या जोडणीवर अवाजवी ताण येतो. त्याहून घातक गोष्ट अशी की मागील ब्रेकचा विरोधही पुढच्या आकड्यात मिसळतो, आणि दुबळा ब्रेक सक्षम ठरतो.

पर्याय : यावर एक चतुर उपाय आहे. डावा आणि उजवा रोलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरविले असता डिफरन्शियलची पेटी स्थिर राहते व शाफ्ट फिरत नाही. ड्रम ब्रेकचा जोर उलट दिशेत वेगळा पडत असल्याने पुढे फिरणाऱ्या चाकाचाच आकडा ग्राह्य धरावा, आणि मग दिशा बदलून दुसरे चाक मोजावे. डिफरन्शियलला लॉक असल्यास मात्र ही युक्ती निरुपयोगी ठरते. वाहन पट्ट्यांवरून चालवीत आणून ब्रेक दाबावयाची प्लेट चाचणी हा दुसरा मार्ग. त्यात चारही चाके जमिनीप्रमाणेच फिरत असल्याने वरील अडचण उद्भवत नाही.

यंत्र अनुकूल नसेल तेथे प्रत्यक्ष धावपट्टीवरील चाचणी उरते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जनहित याचिकेवर परिवहन कार्यालयांत २५० मीटरच्या चाचणी मार्गाचा आग्रह धरला होता, तो या दृष्टीनेही रास्त वाटतो. ताशी ३० कि.मी. वेगावरून, दर सेकंदास ५ मीटर प्रति सेकंद इतक्या मंदनाने वाहन सुमारे ७ मीटरमध्ये थांबते. उर्वरित लांबी वेग घेण्यास व सुरक्षिततेसाठी लागते. मंदनमापक यंत्र एकूण क्षमता दाखविते, परंतु कोणते चाक कमी पडले ते सांगत नाही. २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम अधिसूचित झाले. अशा केंद्रांत वाहन रोलरवर चढविण्यापूर्वी त्याची चालनपद्धती नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे, आर.सी. पुस्तिकेवरून ती उलगडेलच असे नाही, वाहनाखाली वाकून पाहावे लागते.