कुत्र्याचे जंत आणि घरातली माणसे

टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्याच्या आतड्यातला गोलकृमी. पिल्लाला तो बहुधा आईच्या पोटातच लागतो. फुगलेल्या पोटाचे पिल्लू गुटगुटीत समजू नये. विष्ठेतल्या ताज्या अंड्यांनी लागण होत नाही. मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावर ती लागण करण्याजोगी होतात आणि महिनोन्महिने टिकतात. अकोल्यात, मोर्णा नदीकाठच्या जुन्या शहराच्या गल्लीबोळांत पोरे आणि कुत्री एकाच मातीत खेळतात. ती माती तोंडात गेली की अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोचतात. कुत्र्याच्या आतड्यातला दुसरा जंत अंकुशकृमी (हुकवर्म); मातीतली त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. तिथे नागमोडी, खाजरी लाल रेघ उठते.

सर्वांत गंभीर आजार हायडॅटिड, म्हणजे पाण्याच्या गाठीचा. शेळी-मेंढीच्या यकृतातली पाण्याची गाठ कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. कत्तलीतले टाकाऊ अवयव कुत्र्याला कच्चे घालणे ही भूतदया नव्हे.

पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध सुरू होते, मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. फीतकृमीवर प्राझिक्वांटेल चालते. मात्रा वजनावर ठरते. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे.