पंखा फिरतोय, पण हवा ओढतोय का? ईसी शेडच्या पंख्याचे बेल्ट उन्हाळ्याआधी असे तपासा

उन्हाळा लागला की पोल्ट्रीवाल्याचं सगळं लक्ष कूलिंग पॅडच्या पाण्याकडे आणि लाईट कधी जाते याकडे असतं. पंखे फिरताना दिसतात, त्यामुळे तिकडे कोणी फारसं बघत नाही. पण ईसी शेडमधले बरेचसे मोठे पंखे बेल्टवर चालतात. बेल्टचा पंखा फिरतोय म्हणजे तो पूर्ण हवा ओढतोय, असं समजू नका. बेल्ट ढिला पडला की मोटर आपल्या वेगाने फिरते, पंखा मात्र मागे पडतो.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती धापा टाकून आणि अंगावरून जाणाऱ्या वाऱ्यावर बाहेर काढते. पॅडला कितीही पाणी सोडलं तरी त्यातून हवा ओढणारा पंखाच असतो. पंखा कमी पडला की पॅड ओला असूनही शेड तापतं. माल विक्रीला आलेला असतो, पक्षी वजनदार असतो आणि त्याच वेळी मर लागते. म्हणून शेतकरी मित्रांनो, थोडा हिशोब समजून घ्या.

फेऱ्यांचा साधा हिशोब

समजा मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. मोटरची पुली ४ इंची आणि पंख्याची १३ इंची आहे. १४४० ला ४ ने गुणा आणि १३ ने भागा. पंख्याचे फेरे साधारण ४४३ आले पाहिजेत. फेरे मोजायचं यंत्र मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळू शकतं. मोजल्यावर ४०० भरले, तर बेल्ट घसरतोय किंवा पुली झिजली आहे.

फेरे १० टक्के कमी झाले की हवाही निदान १० टक्के कमी होते. शेडला १० पंखे असतील आणि सगळ्यांचे बेल्ट असेच ढिले असतील, तर भर दुपारी एक पंखा बंद ठेवल्यासारखंच झालं. आणि वरून बघणाऱ्याला सगळे चालू दिसतात.

ढिला बेल्ट कसा ओळखायचा

- पंखा सुरू होताना ‘चीं’ असा आवाज येतो.
- पुलीखाली काळा रबरी भुगा पडलेला दिसतो.
- शेजारच्या पंख्याचं शटर पूर्ण उघडतं आणि याचं अर्धवट राहतं.
- पंखा बंद केल्यावर बेल्टची बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसते. आतल्या बाजूला चिरा असतात.

हात लावण्याआधी

ईसी शेडचे पंखे कंट्रोलर चालवतो. तापमान वाढलं की बंद दिसणारा पंखा आपोआप सुरू होतो. त्यामुळे कंट्रोलरवर बंद केला म्हणजे झालं, असं नाही. त्या पंख्याचा एमसीबी खाली पाडा आणि तिथे कोणाला तरी उभं करा. गमछा, पदर, सैल बाही बेल्टजवळ नको. काम झालं की जाळी परत बसवूनच पंखा सुरू करायचा.

सगळे पंखे एकदम बंद करू नका. बंद शेडमध्ये मोठा पक्षी असेल तर थोड्या वेळात गुदमरतो. सकाळच्या गारव्यात एकेक पंखा घ्या. शेड रिकामं असताना काम उरकलं तर सगळ्यात चांगलं.

ताण किती असावा

दोन पुल्यांच्या मधोमध बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. पुल्यांमधलं अंतर ६० सेंटिमीटर असेल तर बेल्ट साधारण १ सेंटिमीटर दबला पाहिजे. अंतर १ मीटर असेल तर दीड सेंटिमीटरच्या आसपास. जास्त दबला तर ढिला. अजिबात दबत नसेल तर जास्त ताणलेला आहे.

‘घट्ट केला म्हणजे बरा’ असं करू नका. जास्त ताणामुळे मोटरच्या आणि पंख्याच्या बेअरिंगवर जोर येतो, मोटर गरम होते आणि बेअरिंगचा खर्च बेल्टपेक्षा मोठा बसतो. काही पंख्यांना स्प्रिंगचा ताण असतो. तिथे स्प्रिंग आणि तिचा हात मोकळा हलतो का, एवढं बघा.

ताणाबरोबर पुल्यांची रेषही बघायची. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर घट्ट दोरी किंवा सरळ पट्टी लावा. चारही ठिकाणी ती टेकली पाहिजे. पण दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी आहे ना, ते आधी बघून घ्या. रेष चुकली तर बेल्ट एकाच बाजूने झिजतो आणि उलटून पडतो.

नवा बेल्ट टाकताना

बेल्टवर ए ५८ असं काही छापलेलं असतं. अक्षर म्हणजे बेल्टचा प्रकार, आकडा म्हणजे इंचात लांबी. ए बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद असतो, बी बेल्ट १७ मिलिमीटर. जुन्याचा नंबर बघूनच नवा आणा. एका पंख्याला दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर सगळा भार नव्यावरच येतो.

मोटरचे बोल्ट सैल करून मोटर पुढे सरकवा आणि बेल्ट हाताने बसवा. स्क्रू ड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवर चढवला तर आतले धागे तुटतात. वरून बेल्ट नवा दिसतो आणि थोड्याच दिवसांत जातो. बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो. तो खाचेच्या तळाला टेकत असेल तर पुली झिजली आहे, तिथे नवा बेल्टही घसरणार.

नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा ढिला होतो. तेव्हा पुन्हा ताण बघायचाच. अनेक ठिकाणी हेच राहून जातं.

हे करू नका

घसरणाऱ्या बेल्टला तेल, ग्रीस, साबण लावू नका. आवाज थांबतो, दुखणं तसंच राहतं. जास्त हवेसाठी मोटरला मोठी पुलीही टाकू नका. फेरे १० टक्के वाढवले तर मोटरवरचा भार साधारण ३३ टक्के वाढतो, मोटर जळू शकते. रिवाइंडिंग करून आणलेली थ्री फेज मोटर जोडली की पंख्याची दिशा तपासा. दोन फेज उलटे लागले तर पंखा हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ढकलतो.

शटर आणि पाती

पात्यांवर आणि शटरवर पिसं व धूळ साचली की बेल्ट चांगला असूनही हवा कमी होते. त्यांना घासून पुसून घ्या. बंद पंख्याचं शटर उघडं अडकलं असेल तर बाकीचे पंखे तिथूनच बाहेरची गरम हवा आत ओढतात आणि पॅडकडची हवा कमी होते. बेअरिंगला ग्रीस निपल असेल तरच ग्रीस भरा, तेही थोडं. सीलबंद बेअरिंगला ग्रीस लागत नाही.

आठवड्यातून एकदा शेडला फेरी मारताना प्रत्येक पंख्याचा आवाज, शटर आणि खालचा भुगा बघा. महिन्यातून एकदा ताण मोजा. प्रत्येक लॉट गेल्यावर शेड रिकामं असताना पाती, शटर, पुल्या स्वच्छ करा आणि मार्च लागण्याआधी प्रत्येक नंबरचा एक जादा बेल्ट शेडवर टांगून ठेवा. मे महिन्यात दुपारी दोनला बेल्ट तुटला तर तालुक्याला जाऊन यायला वेळ नसतो.