तुमच्या गावाचे नाव असे का?

मुलाखतीचे पत्र आले की आपल्याकडे घरात दोन गोष्टी आधी होतात. आई देवापुढे साखर ठेवते आणि वडील कोणाची तरी ओळख निघते का ते शोधू लागतात. तयारीचा विषय निघतो तो तिसऱ्या दिवशी. आणि तयारी म्हणजे काय, तर सामान्य ज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक! देशोदेशीच्या राजधान्या, त्यांची चलने, कुठल्या खेळाडूला कुठल्या साली कुठला पुरस्कार. बँकेत तीसेक वर्षे काढल्यावर, आणि मधूनमधून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतही बसल्यावर, मी एवढे सांगू शकतो की या पुस्तकातले फारच थोडे विचारले जाते. विचारले जाते ते अर्जातले. नाव, गाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय. आणि ज्याचे सारे आयुष्य त्या चार ओळींत गेले आहे तो उमेदवार नेमका तिथेच अडखळतो.

आमच्या गावच्या मुलांवर तर हा प्रसंग हमखास येतो, कारण गावाचे नाव आंधळगाव. भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका. अर्ज समोर आला की मंडळातला कोणी ना कोणी चष्मा वर सारून विचारतोच, ‘असे नाव का हो? आंधळे राहतात की काय?’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडे नसते, त्याला वातावरण हलके करायचे असते. पण आधीच घाम फुटलेल्या पोराला ती थट्टा वाटते आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात.

गेल्या वर्षी शेजारच्या विणकराच्या मुलीला बँकेच्या अधिकारीपदाच्या मुलाखतीचे बोलावणे आले. दोन्ही परीक्षा तिने घरी अभ्यास करून काढलेल्या. 2016 पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांच्या आणि बँकांतल्या कारकुनांच्या मुलाखती बंद झाल्या, त्यामुळे आमच्याकडची पुष्कळ मुले आता एकाही साहेबाचे तोंड न पाहता नोकरीला लागतात. अधिकाऱ्यांची मुलाखत मात्र राहिली. लेखी परीक्षेला 80 आणि मुलाखतीला 20, असा हिशेब. वीसच गुण, तुम्ही म्हणाल. पण यादीत दशांशाने नावे वर-खाली होतात, तिथे वीस म्हणजे फार झाले.

या तोंडी गुणांचे भय आजचे नाही. श्रीनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. लेखी परीक्षेला 100 गुण आणि मुलाखतीला 50. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि विचारले काय, तर वडील कोण, राहता कुठे! 1980 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने निकाल दिला की अशा निवडीत तोंडी परीक्षेला शेकडा 15 हून अधिक वाटा देणे मनमानी ठरेल. मुलाखती टेप कराव्यात अशीही सूचना केली. त्या टेपचे पुढे काय झाले ते विचारू नका. मला स्वतःला वाटते की ‘वडील काय करतात’ हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. त्या उत्तरापाशीच मुलाखत संपली, तर मात्र अन्याय होतो.

तर ती मुलगी माझ्याकडे आली. मी विचारले, ‘वडील काय करतात?’

ती म्हणाली, ‘मजुरी.’

मी चकितच झालो. आंधळगाव, मोहाडी ही कोशाच्या कापडाची गावे. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या रानकिड्याचा हा कोसा. आमच्या भागात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करीत आला. कोश उकळायचा, धागा ओढायचा, ताणा लावायचा, खळ द्यायची आणि मग माग. त्यातही आमची करवतकाठी साडी, जिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. ते दाते छापलेले नसतात की नंतर शिवलेले नसतात. मधल्या अंगाचा एक धोटा आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे चालवून काठाचा रंगीत धागा अंगाच्या मधाळ धाग्यात दर फेरीला अडकवत न्यावा लागतो. एक धागा चुकला की दाता मोडला. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे सारे ज्याच्या हातात आहे तो माणूस मुलीच्या अर्जात मजूर!

तिचेही चुकत नव्हते. सूत व्यापाऱ्याचे, साडी व्यापाऱ्याची, हातात येते ती विणाई. मग मजुरीच नाही का? मी म्हटले, हे जसेच्या तसे सांग. पण आधी साडी कशी विणतात ते सांग आणि मग पैसा कुठे जातो ते सांग. बँकेला या दोन्हींत रस आहे.

तीन रविवार आम्ही बसलो. माझ्या ओटीवर टेबल, त्यामागे मी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. पहिला रविवार भाषेतच गेला. आमची बोली झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास करून तिला मान मिळवून दिला, पण मुलाखतीला जाणाऱ्या पोरांपर्यंत तो मान अजून पोचलेला नाही. ण चा न होतो, ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा. ही मुलगी दर वाक्याला आधी मनात उच्चार तपासायची आणि मग बोलायची, त्यामुळे उत्तर येईस्तोवर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. मुख्याध्यापक शुद्ध उच्चारांच्या बाजूचे. माझे म्हणणे वेगळे. मुलाखत इंग्रजीत व्हायची होती किंवा हिंदीत, मग मराठीच्या ळ चे ओझे कशाला? इंग्रजी साधे, छोटे वाक्य, आणि अडले तर सरळ परवानगी मागून हिंदी. मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने हिंदीची आमच्याकडे भीती नाही. आमचा वाद मिटला नाही, पण तिची गाडी रुळावर आली.

कागदपत्रांकडे लोक शेवटच्या रात्री वळतात. ते आधी पाहावे. जातीच्या दाखल्यावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरे, हा तर घरोघरचा खेळ. शिवाय इतर मागासवर्गाचा दाखला राज्याच्या कामाला वेगळ्या नमुन्यात लागतो आणि केंद्राच्या भरतीला वेगळ्या, क्रिमीलेअरच्या उल्लेखासह आणि ताज्या तारखेचा. मुलीकडे राज्याचाच होता. मोहाडीला तीन चकरा झाल्या. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकापेक्षा त्या चकरा मोलाच्या होत्या.

कपड्यांवरून घरात थोडे रुसवेफुगवे झाले. आजीचे म्हणणे, कोसा विणणाऱ्याची पोर, कोशाची ओढणी तरी घेऊन जा. घरात ओढणी नव्हती. जे विणले जाते ते विकायला जाते, आमच्याकडे कोसा अंगावर येतो तो लग्नात, तोही कुणाकुणाच्या. अखेर साधा सुती सलवार-कमीज ठरला, दोनदा घालून सवय केलेला. मला विचाराल तर ज्याची ओढणी सावरावी लागते, तो कपडा मुलाखतीचा नव्हेच.

तिसऱ्या रविवारी मुख्याध्यापकांना परगावी जावे लागले, म्हणून त्यांच्या खुर्चीत मी मुलीच्या वडिलांना बसवले. ते बिचारे अंग चोरून बसले. मी म्हटले, तुम्ही एक प्रश्न विचारा. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, ‘तू सायेब झाली आन्‌ मी कर्ज मांगाले आलो, त देसीन का मले?’

मुलगी हसली. ते हसले नाहीत.

तिने पाठ केलेले सुरू केले. मुद्रा योजना, 2015 साल, शिशु गटात 50 हजारांपर्यंत. वडील ऐकत होते. मग म्हणाले, ‘थे समजलं. मले देसीन का?’

ती थांबली. मग विचारू लागली. सूत स्वतः विकत घेणार का? एका साडीला किती दिवस? व्यापारी पैसे कधी देतो? त्याच्याखेरीज दुसरा गिऱ्हाईक आहे? शेवटच्या प्रश्नाला वडिलांनी मान हलवली. नाही. ‘मग आधी गिऱ्हाईक शोधा बाबा,’ ती म्हणाली, ‘नाहीतर हप्ता मजुरीतूनच जाईल.’ मी तीस वर्षे कर्जाचे अर्ज पाहिले आहेत. यापेक्षा वेगळे मी काही बोललो नसतो.

मुलाखत नागपूरला झाली. पहाटे वरठीहून गाडी पकडून बापलेक गेले. संध्याकाळी तिचा फोन आला. पहिला प्रश्न अर्थातच गावाच्या नावाचा. तिने सांगितले, ‘सर, नाव आंधळगाव आहे, पण काम डोळ्यांचे आहे,’ आणि करवतीच्या दात्यांबद्दल सांगू लागली. एका बाईंनी विचारले, तीन धोटे एकटा माणूस कसा चालवतो? मग रेपो दर, मग थकीत कर्जे, मग ‘यू मे गो.’ एका प्रश्नाला तिने ‘माहीत नाही’ असे सांगितले.

‘बाबा कुठे आहेत?’ मी विचारले.

‘महालात गेलेत,’ ती म्हणाली. ‘दोन दुकानांत साड्यांचे भाव विचारायला.’