प्रभावी नेतृत्व : दैनंदिन जीवनातील धडे

‘नेतृत्व’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि हारतुरे येतात. परंतु नेतृत्वाची खरी परीक्षा होते ती स्वयंपाकघरात, सभेच्या खोलीत आणि सणाच्या मंडपात. चार माणसांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, तो त्या वेळेपुरता नेताच असतो. म्हणून हे गुण मोजक्या लोकांनाच जन्मतः लाभतात, असे मानून आपण स्वस्थ बसू नये. ते सवयीने येतात व सरावाने वाढतात.

एक ओळखीचे चित्र

धर्मग्रामाचा सण जवळ आला आहे. वर्गणी, मंडप, वेदीची सजावट, गायनवृंदाचा सराव, भोजन ही सारी कामे वर्षानुवर्षे एकच कार्यकर्ता पाहतो. तो प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. कपाटाच्या किल्ल्या त्याच्या खिशात, हिशेबाची वही त्याच्या घरी, मंडपवाल्याशी झालेली बोलणी त्याच्याच ध्यानात. सण उत्तम पार पडतो आणि सर्व जण त्याचे कौतुक करतात. मग एका वर्षी तो आजारी पडतो आणि सगळेच अडते. तेव्हा ‘आजचे तरुण पुढे येत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. त्यांच्यासाठी जागा कोणी ठेवली होती का, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

स्वतः राबणे हा सद्गुण खराच. पण नेत्याचे कार्य तेवढ्यावर संपत नाही. आपल्यावाचूनही काम चालेल अशी माणसे तयार करणे, हे नेतृत्वाचे मर्म आहे.

इथ्रोचा सल्ला

हा धडा पवित्र शास्त्राइतकाच जुना आहे. निर्गमाच्या पुस्तकातील १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करताना दिसतो. लोक दिवसभर ताटकळत उभे असतात. हे पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सावध करतो : अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. विश्वासू व निर्लोभी माणसे निवडून त्यांना हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नेमावे. लहान तंटे त्यांनी सोडवावेत आणि अवघड तेवढेच मोशेकडे यावेत, असा मार्ग तो सुचवतो. मोशेचे मोठेपण असे की, त्याने हा सल्ला मानला.

तक्रार करणाऱ्यांनाच जबाबदारी

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील ६ व्या अध्यायातही असाच प्रसंग आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, तसेच वाटपाचे काम स्वतःकडेही घेतले नाही. त्यांनी समुदायाला सात जण निवडण्यास सांगितले. स्तेफनासह त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, ही बाब लक्षणीय आहे. ज्या गटाला अन्याय जाणवत होता, त्याच गटातील माणसांवर विश्वास टाकला गेला असावा, असे यावरून दिसते. सभेत सतत उणिवा दाखवणाऱ्या सदस्याला आपण टाळतो. त्याऐवजी तेच काम त्याच्यावर सोपवून पाहिले तर?

डब्याच्या झाकणावरील खूण

मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची आहे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगीत अक्षरे व आकडे असतात. डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत पोहोचवायचा, हे त्यावरून संबंधित डबेवाल्याला कळते. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, तरी सहसा चुकत नाही. कारण माहिती एकाच्याच डोक्यात नसून सर्वांना समजेल अशा खुणांत असते. त्यांच्या प्रत्येक गटाचा मुकादमही त्याच कामातून अनुभव घेऊन वर आलेला असतो. आपल्या संघटनांतील हिशेब, यादी व पत्रव्यवहार असाच सर्वांना पाहता आला, तर एक माणूस नसल्याने काम थांबणार नाही.

ऐकण्याची शिस्त

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आरंभलेल्या सिनडच्या सभा ऑक्टोबर २०२३ व ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅटिकनमध्ये भरल्या. तेथे कार्डिनल, महागुरू व प्रापंचिक स्त्रीपुरुष गोल मेजांभोवती एकत्र बसले. प्रत्येकाला बोलण्याची संधी होती आणि मधूनमधून मौन राखले जाई. आपल्या सभांत अध्यक्षच प्रथम मत मांडतात आणि मग इतरांना मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. नेत्याने शेवटी बोलावे; म्हणजे सगळ्यांची मने कळतात.

आजपासून काय करता येईल?

१. आपल्याकडील एक तरी काम पूर्णपणे दुसऱ्याकडे सोपवावे. केवळ हरकाम्या म्हणून त्याला वापरू नये.
२. काम सोपवल्यावर पदोपदी हात घालू नये. आई मुलाला पोळी लाटायला शिकवते, तेव्हा पहिल्या पोळ्या वेड्यावाकड्याच होतात. लाटणे हिसकावून घेतले, तर त्याला पोळी कधीच येणार नाही.
३. चूक एकांतात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे.
४. पैशाचा हिशेब वेळेवर व सर्वांसमोर मांडावा.
५. पदाची मुदत संपताच नव्या माणसाला वाट करून द्यावी आणि विचारल्यास सल्ला द्यावा.

प्रभू येशूने बारा जणांना दोघादोघांनी कार्यास पाठवले, तेव्हा त्यांची तयारी पूर्ण झाली होती असे नाही. तरीही त्याने त्यांना अधिकार दिला. ते परतल्यावर त्यांचे सारे ऐकून घेतले आणि त्यांना विसावा घेण्यासाठी एकांतात नेले. विश्वास टाकणे, ऐकून घेणे आणि थकलेल्यांची काळजी वाहणे, एवढे आपल्यालाही करता येईल. यंदाच्या सणाला कपाटाची किल्ली एखाद्या तरुण हाती देऊन आपण त्याची सुरुवात करू या.